डावीकडचा ढग

सुदुंबऱ्याजवळच्या एका ओतकाम कारखान्यात वीतभर जाड लोखंडाच्या आरपार बघणारं एक्स-रे मशीन आहे. ते सलग किरण सोडत नाही, ठोके मारतं, सेकंदाला दोनेकशे. खोलीच्या भिंती दीड मीटर काँक्रीटच्या. आत कोणी राहिलं नाही ना, हे फिरून बघत आतली चार बटणं दाबायची, असा नियम. पण खंडेनवमीला मशीनची पूजा झाली आणि तेव्हापासून सगळे चपला काढूनच आत जातात. त्यामुळे बटणं चिकटपट्टीनं कायमची दाबून टाकली आणि त्यांचं काम चपलांकडे आलं. दाराबाहेर चपला नाहीत, म्हणजे खोली रिकामी.

सारिकाला रुजू होऊन आठवडा झाला होता. हनुमंतभाऊंनी मशीन सुरू केलं. पडद्यावर व्हॉल्व्हचं धूड उमटलं, आणि डावीकडे कडा विरलेला गोल ढग.

"भाऊ, हे काय?"

"किरणं जिथनं निघत्यात तो ठिपका पसरला आसंल. मग चित्र भुरकट येतं." भाऊंना अठरा वर्षांचा अनुभव होता.

"मग सगळंच भुरकट यायला हवं. तारा बघा." व्हॉल्व्हवर ठेवलेल्या मापाच्या बारीक तारा लख्ख दिसत होत्या.

तिनं दुसरं चित्र काढलं. ढग दोन बोटं सरकला होता. लोखंड सरकत नाही. आणि ढग साधारण माणसाच्या डोक्याएवढा होता.

सारिकानं काचेतून दाराकडे पाहिलं. तिथं केरबाआबांच्या चपला होत्या. खोली झाडायचं काम आबांचं.

तिनं लाल बटण दाबून मशीन बंद केलं. जाड दार उघडायला चाळीस सेकंद घेतं. ती धावत जाऊन फटीला तोंड लावून "आबा, आबा" करत राहिली. काँक्रीटनं ओ दिली नाही.

आत कोणी नव्हतं. दोरी सैल होऊन मशीनच्या तोंडापुढे उतरलेला, लाल फडक्यातला पूजेचा नारळ एसीच्या वाऱ्यावर हेलकावत होता. किरणांच्या उगमाशीच लटकलेला, म्हणून सावली एवढी मोठी आणि एवढी विरलेली.

"कुनाला हुडकताय, ताई?" मागे केरबाआबा. पायात कंपनीचे नवे बूट, हातात चहा.

सारिकानं दाराकडे बोट केलं. "तुमच्या चपला इथं..."

"ऱ्हाऊ द्या. आबा आत हाय म्हनून कुनी दुसरं काम सांगत न्हाई." आबांनी घोट घेतला. "मगाशी व्हतो बी आत. दार लागाया लागलं तसा आडवा होऊन निसटलो."

ती वळली. "भाऊ, चपला दिसत असताना मशीन सुरू कसं केलंत?"

"ह्याच्या रोजच आसत्यात. ह्यो आत कदीच नसतो."

चारही बटणं तपासायला सारिका आत निघाली. त्याआधी तिनं मशीनची किल्ली काढून मुठीत घट्ट धरली. हनुमंतभाऊंच्या मनाला ते लागलं.