घराला शेत म्हणणारा नकाशा

मित्रांनो, तळ्याकाठच्या कचेरीत घड्याळ आणि पाल यांच्या मधोमध जो जुना नकाशा टांगलेला दिसतो, तो मी. गावातली कोणती जमीन कशासाठी, हे मी रंगांनी सांगतो. घरं पिवळी, शेतं हिरवी, तळं निळं.

माझा जन्म एका आरेखकाच्या टेबलावर झाला. माणूस भला, पण कुंचला एकच. तळं रंगवून झाल्यावर तो कुंचला धुवायला विसरला आणि तसाच पिवळ्यात बुडवला. काठावरचं शेवटचं घर हिरवं झालं. आरेखक जेवायला गेला. मला शिक्का मिळाला, चौकट मिळाली. पुढे वीस वर्षं सगळे कौतुकच करत होते, म्हणून मीही गप्प बसलो.

त्या घरात जाळी विणणाऱ्या काकू आणि त्यांच्या सासूबाई राहायच्या. एका वर्षी छप्पर खचलं. दुरुस्तीची परवानगी मागायला काकू आल्या, तेव्हा कारकुनाने माझ्यावर बोट ठेवलं.

"काकू, हे शेत आहे. शेताला छप्पर नसतं."

"मग आम्ही काय उगवून आलोय?"

"तसं अर्जात लिहिता येणार नाही."

नियमाप्रमाणे कारकून पीकपाहणीला गेला. प्रामाणिक माणूस. त्याने लिहिलं: दोन खाटा, एक चूल, एक सासू, वाढ समाधानकारक.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "कापणी कधी, तेवढं सांगून जा. डोक्यावर वासा लटकतोय."

कारकुनाने वर पाहिलं. वासा खरंच लटकत होता. तो काकूंना घेऊन तडक आरेखकाच्या घरी गेला आणि त्याला घेऊनच कचेरीत आला. आरेखक आता म्हातारा झाला होता. चष्मा पुसून त्याने मला पाहिलं आणि काकूंना म्हणाला, "बाई, चूक माझी. कुंचला धुतला नव्हता." मग त्याने नखाएवढा पिवळा कागद कापून माझ्यावर चिकटवला. साहेबांनी त्यावर सही केली. सही घरापेक्षा मोठी, त्यामुळे अर्धी तळ्यात गेली.

आठवड्यात नवं छप्पर चढलं. सासूबाई मुद्दाम मला बघायला आल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्यांनी रुमालाने माझी धूळ पुसली, वर भिंतीकडे पाहिलं आणि कारकुनाला म्हणाल्या, "याच्या डोक्यावर गळतंय रे. याला कोरड्या भिंतीवर लाव."

मित्रांनो, ज्यांना मी वीस वर्षं शेत म्हणत होतो, त्यांच्यामुळे आज मी कोरडा आहे. हे उपकार मी विसरणार नाही. नकाशे जरूर जपा. पण नकाशा बघून कुणाला नाही म्हणायची वेळ आली, तर आधी त्याच्या घरी जाऊन या.