बिस्किटांच्या डब्यातली तांबडी वेणी

मी वेणी बोलतेय. डोक्यावरची नव्हे, डब्यातली. केप ब्रेटन बेटावरच्या एफीची. तांबडी, मनगटाएवढी जाड. एफी मासे कापायच्या कारखान्यात लागली, तेव्हा यंत्रात अडकू नये म्हणून तिच्या आईनं मला कापलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. तिथं ना कंगवा, ना वारा. कापलेल्या वेणीची आठवण कोण काढतो?

एफीचा नवरा मर्डॉक काढायचा. "ती वेणी बघून तुला मागणी घातली, नाहीतर कोण विचारतंय," असं चिडवायचा.

एफीचे केस पिकले, तशी ती ते काळपट रंगवू लागली. पुढं मर्डॉकची स्मृती गेली. वृद्धाश्रमात तो बायकोलाच "नर्सबाई" म्हणू लागला. त्या दिवशी माझा डबा उघडला. मला पिशवीत घालून ती डार्लीनच्या पार्लरात गेली.

"अगदी हाच रंग हवा."

"रंगावर रंग चढवून केस उजळत नाहीत, एफीबाई. आधीचा उडवावा लागेल. तुमचे केस ते सोसायचे नाहीत."

"सोसायचं मी बघते. तू लाव."

केसावरही माशासारखे खवले असतात, बारीक. रंग आत घालायचा तर ते उचकटावे लागतात, आणि सारखे उचकटले की मिटत नाहीत. केस म्हणजे काही जखम नव्हे, भरून यायला.

पण तांबडे केस घेऊन ती गेली, त्या रविवारी मर्डॉक म्हणाला, "एफी, आलीस होय? किती उशीर."

त्या एका वाक्यासाठी ती रंगवत राहिली. मुळं पांढरी दिसली की लाव. केस ओल्या सुतासारखे ताणून तुटू लागले, टाळूला फोड आले. शेवटी डार्लीननं रंगाची वाटी खाली ठेवली. "आता मी लावणार नाही. रागवा हवं तर." फोड बरे झाल्यावर तिनं जळके केस सगळे कापून टाकले.

आज एफी पेरभर पांढऱ्या केसांनिशी मर्डॉकपुढं बसली. त्यानं ओळखलं नाही. तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

मला कुरवाळत तो म्हणाला, "ही माझ्या एफीची. येईलच ती इतक्यात. तुम्ही बसा ना, बाई."

"बसते की," एफी म्हणाली. "मला कुठं जायचंय."

जन्मभर मी या एका हातासाठी झुरले. मिळाला, तर नकोसा झालाय. मर्डॉक, मी केव्हाच मेलेय रे. माझ्यातला एकही केस वाढत नाही. वाढतायत ते तुझ्या शेजारी, पांढरे, कोवळे. मला खाली ठेव, आणि हात तिकडं ने.