निवृत्त नव्हे, वगळली

आपण निवृत्त झालो, ही बातमी लांबीला तिच्या वहिनीकडून कळली.

सकाळचे साडेनऊ झाले होते. जाळीतल्या सरावात चार षटकं टाकून ती पाणी प्यायला थांबली होती, तेवढ्यात फोन वाजला. वहिनीचा आवाज रडवेला झाला होता. "अहो ताई, एवढा मोठा निर्णय घेतलात आणि घरात कुणाला पत्ता नाही?"

"कसला निर्णय?"

"निवृत्तीचा! आत्ता बातम्यांत सांगितलं. तुम्ही म्हणालात म्हणे, आता घरच्यांना वेळ द्यायचाय."

लांबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरच्यांना वेळ! भाऊ-वहिनी दुसऱ्या गावी; इथे घरी होतं कोण, तर शिवणयंत्रावर वाकून वाकून पोक आलेले बाबा. तिने नुसतं म्हटलं असतं की आजपासून तुमच्याजवळ बसते, तर त्यांनीच तिला बखोट धरून मैदानावर आणून सोडलं असतं.

उंचीमुळे संघात सगळ्या तिला लांबी म्हणत. बारा वर्षं ती देशासाठी डाव्या हाताने चेंडू टाकत होती. पहिल्या दौऱ्याला मुलींना पुरुषांच्या संघाचे उरलेसुरले कपडे दिले होते. अकराजणींच्या विजारी बाबांनी दोन दिवसांत उसवून, आखूड करून परत शिवल्या होत्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी सात महिन्यांत ती परत उभी राहिली. आता चौतिसावं चालू होतं आणि चेंडू अजून उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायात सरसरून आत येत होता.

मग हे कशामुळे, ते तिला चांगलंच ठाऊक होतं. मागच्या दौऱ्यावर संघातल्या धाकटीची पाठ धरली होती. एकोणीस वर्षांची पोर, धड वाकता येत नव्हतं, तरी तिला चार दिवसांत तीन सामने खेळवले. सोबत दुखापती बघणारा फिजिओ नव्हता. पाठीच्या हाडाला चीर गेल्याचं परत आल्यावर कळलं. तेव्हा लांबीने वार्ताहरांसमोर विचारलं होतं, "पुरुषांबरोबर दोन फिजिओ जातात. आमच्या पाठी काय लोखंडाच्या आहेत?"

ती तशीच घामेजल्या कपड्यांत क्रिकेट मंडळाच्या कचेरीत गेली. चिटणीस खुर्चीतून अर्धवट उठले.

"या, या! बसा ना. चहा घेणार?"

"मी कधी निवृत्त झाले?"

"अहो, तुमच्या भल्यासाठीच केलं. आता सन्मानाने जाता येईल. उद्या सामन्याआधी सत्कार ठेवलाय." त्यांनी टेबलावरचं काचेचं स्मृतिचिन्ह पुढे सरकवलं. त्यावर एक बाई कोरली होती, बॅट उगारलेली.

"मी गोलंदाज आहे," लांबी म्हणाली.

"हो हो, पण प्रतीक म्हणून..."

"आणि घरच्यांना वेळ द्यायचाय, हे वाक्य कुणाचं?"

"तो मजकूर ठरलेला असतो."

"पुरुषांचा कप्तान निवृत्त झाला तेव्हा त्याने दिला होता का घरच्यांना वेळ?"

चिटणीस चष्मा पुसू लागले. "मग तुमचं म्हणणं तरी काय?"

"वगळली, असं लिहा. आणि खाली तुमची सही करा."

"असं कसं लिहिणार? लोक कारण विचारतील."

"विचारू देत की!"

त्यांनी लिहिलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सत्काराला ती वेळेवर हजर झाली. बाकीचे ठेवणीतल्या कपड्यांत होते, ही खिळ्यांचे बूट घालून आली. चार मुलायम भाषणं झाली, काचेतली बाई तिच्या हातात आली आणि माइक समोर धरला गेला.

"मी निवृत्त झालेले नाही," ती म्हणाली. "मला काढलंय. का काढलं, तेही ऐका..."

माइक बंद पडला. पडला कसला, पाडला. पण बारा वर्षं पंचांसमोर बोंबलून पायचीत मागितलेल्या बाईला माइक कशाला लागतो? पुढचं सगळं तिने तसंच ओरडून सांगितलं: धाकटीची पाठ, तीन सामने, घरून नेलेली दुखण्यावरची मलमं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. काचेची बाई चिटणीसांच्या हातात परत देऊन ती चालू लागली.

चार दिवसांनी मंडळाने निवृत्तीची बातमी मागे घेतली. महिन्याभराने नव्या दौऱ्याचा संघ जाहीर झाला. सोबत फिजिओही नेमला होता. बाबांनी रेडिओ मोठा केला. नावं संपली आणि निवेदक म्हणाला, "अनुभवी डावखुऱ्या गोलंदाजाला वगळण्यात आलं आहे."

हाच शब्द तिने भांडून मागितला होता. तरी तो कानावर पडला आणि लांबीने हातातली वाटी भिंतीवर भिरकावली.

"मिळालं ना तुला हवं ते?" बाबा हळूच म्हणाले.

"मला खेळायला हवं होतं, बाबा! शब्द घेऊन काय चाटू?"

बाबांनी वाकून वाटी उचलली.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "ताई, डॉक्टरांनी परवानगी दिली. आजपासून हळूहळू टाकायला लागू का?"

"एकटीने टाकू नकोस," लांबी दरडावून म्हणाली. आवाजातला राग काही तिला लपवता आला नाही. "मी येतेय. मी पोचेपर्यंत चेंडूला हात लावलास तर याद राख."

देशासाठी ती पुन्हा खेळली नाही. क्लबकडून मात्र आणखी तीन वर्षं खेळली, आणि त्या तीन वर्षांत एकाही वार्ताहराला तिने म्हटलं नाही की जे झालं ते मी विसरले.