जुन्या फ्लॉपीचा दसरा

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाही बसला तर नका बसवू. खऱ्या गोष्टीचं नशीबच तसं असतं, मित्रांनो. तिला कोणी विचारत नाही.

मी एक जुनी फ्लॉपी आहे. फ्लॉपी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी एक काळा, चौकोनी, पापडासारखा पातळ लखोटा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या पोटात एक गोल चकती, मधोमध भोक, आणि एका अंगाला लांबट खिडकी. त्या खिडकीवर बोट ठेवायचं नाही. बाकी मला काही झालेलं चालतं.

माझा मुक्काम नागपुरात, महाल वस्तीत, आनंदरावांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरात आहे. सोबतीला वाळलेलं शाईचं पॅड आहे, खडूचे तुकडे आहेत, आणि गेल्या दिवाळीपासून स्प्रिंग गेलेला एक स्टेपलरही आलाय. पॅड ऐकतं. खडूही ऐकतात. स्टेपलर ऐकतो कमी आणि खाकरतो जास्त. बरीच वर्षं तो वर टेबलावर होता ना, त्याचा तोरा अजून उतरला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडे झाला. तिथून मी मद्रासला आले, आणि मद्रासहून आनंदरावांनी मला रेल्वेनं नागपूरला आणलं. ट्रंकेत नाही, मांडीवर बसवून. बल्लारशाला आमच्या गाडीचं इंजिन बंद पडलं. ड्रायव्हर घाम पुसत डब्यात आला आणि म्हणाला, "कोणाजवळ काही इलाज असन तर द्या गा." आनंदरावांनी मला पुढे केलं. ड्रायव्हरनं मला इंजिनाच्या तोंडात सरकवलं, इंजिनानं कर्र कर्र केलं, आणि गाडी जी सुटली ती थेट नागपूरच्या अजनीपर्यंत कुठे थांबली नाही.

इथे स्टेपलर खाकरला.

"इंजिनाले फ्लॉपीचं तोंड कुठं असते वं?"

"तू कधी इंजिनात गेला होतास का?" मी विचारलं.

तर मित्रांनो, आमचा कॉम्प्युटर दिसायला धिप्पाड, पण विसरभोळा. रात्री बटण बंद केलं की सकाळी त्याला स्वतःची ओळखसुद्धा उरत नसे. पडदा काळा, मान खाली. मग मला त्याच्या तोंडात घालत, वरची दांडी खाली पाडत, आणि मी त्याच्या कानात सांगू लागे: हे तुझं कीबोर्ड, हा पडदा, तो कोपऱ्यातला प्रिंटर तुझाच, ऊठ बाबा, माणसं आली आहेत. मग कुठे पडद्यावर हिरवं अक्षर उगवे. शिकलेली मंडळी याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मी म्हणते, घरात सगळ्यांच्या आधी उठणारी बाई.

मला रोज उठवणारी होती जया. ती गावातल्याच इंदोऱ्याहून सायकलनं यायची, क्लासचं दार उघडायची, हात धुवायची, ओढणीला पुसायची, आणि मगच मला कोपऱ्याला धरून पाकिटातून काढायची. क्लासमधली मुलं मला पत्त्याच्या पानासारखं धरत. जया धरायची तसं पुन्हा कोणी धरलं नाही. अजूनही ड्रॉवर उघडला की मी चेहरा बघत नाही, आधी बोटं बघते.

कॉम्प्युटरला तेव्हा फक्त इंग्रजी येत होती. जयाला ते खुपायचं. दुपारी मुलं जेवायला गेली की ती चौकटींचा कागद पुढ्यात घ्यायची आणि एकेक चौकट काळी करत मराठी अक्षरं बांधायची. अक्षराची शिरोरेषा फुटक्या बांगडीसारखी तुटायची, की पुन्हा नवा कागद. असा उन्हाळा गेला, कूलरच्या टाकीत पाणी भरून भरून. जे अक्षर जमलं ते ती माझ्या पोटात ठेवायची. पहिल्यांदा पडद्यावर मराठी उमटलं त्या दिवशी आनंदराव चहाचा कप हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"बापा, हा डबा तर आपल्यातला निघाला," ते म्हणाले.

जयाची आई तुळसाबाई मात्र मानायला तयार नव्हती. एकदा ती जेवणाचा डबा द्यायला क्लासवर आली आणि चप्पल हातात धरून दारातच उभी राहिली.

"दिवसभर याच्यापुढं बसून तू काय करून राहिली वं?"

"अक्षरं करून राहिली, माय."

"अक्षरं तं बालवाडीतल्या पोरीबी करतात."

आता दसऱ्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र येतो. रेल्वेनं, ट्रकनं, पायी. इंदोऱ्याच्या बाया रस्त्यावर मांडव घालून त्यांना पाणी पाजतात, त्यात तुळसाबाई पुढे. तिला दरवर्षी एकच गोष्ट सलायची. खेड्यातून आलेली काही म्हातारी माणसं तहान लागली तरी मांडवाजवळ येत नसत. आपल्याच मांडवापुढे, आपल्याच माणसांपुढे, दुरून ओंजळ करून उभी राहत, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून. इतक्या वर्षांची सवय, ती काही एका पिढीत जात नाही. तुळसाबाई "या, जवळ या" म्हणून ओरडून ओरडून घसा बसवून घेई.

"मोठ्या अक्षरात लिहून टांगलं पाहिजे," ती म्हणाली. "लांबून दिसन असं."

"त्यायले वाचता नाही आलं तर?" जयानं विचारलं.

"एकाले आलं तरी तो दहाले सांगते."

"मग पेंटरले नको सांगू. मी आणतो, मशीनवर छापून." आमच्याकडच्या पोरी कधीकधी अशा बोलतात, मुलांसारख्या. तुळसाबाईनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, जयाकडे पाहिलं. "पाहू," म्हणाली. हे ‘पाहू’ जयाला फार लागलं. ती त्याच दिवसापासून अक्षरं हातभर उंच करायच्या मागे लागली. छापायचं होतं एवढंच: या, पाणी प्या.

आणि नेमकी तेव्हाच ती आली.

सत्त्याऐंशी सालचा श्रावण होता. रस्त्याच्या पलीकडे दुसरा एक क्लास निघाला आणि त्यानं पाटी लावली, ‘येथे नवीन सिस्टिम शिकवतात’. आनंदरावांची झोप उडाली. त्यांनीही नवी सिस्टिम मागवली. ती आली चकचकीत खोक्यातून, उशीएवढं जाड पुस्तक घेऊन, जशी काही श्रीमंताघरची सून. दिसायला माझ्यासारखीच काळी चौकोनी. पण नवी.

आणली खरी, पण वापरायची की नाही हे आनंदरावांना ठरवता येईना. सकाळी म्हणत, "जुनी चांगली चालून राहिली, काहून छेडायचं तिले?" संध्याकाळी समोरची पाटी बघून म्हणत, "जग कुठं गेलं आणि आपण कुठं बसलो?" दाढी करताना न्हाव्याला विचारलं. दूधवाल्याला विचारलं. रामटेकच्या सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले म्हशीचा असेल तर सल्ला देतो. शेवटी बायकोला, प्रयागबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जुना तवा तापते म्हणून नवा घेऊच नये, असं कुठं आहे? आणि नवा आणला म्हणून जुना फेकाच, असंही कुठं आहे?" या उत्तरानं आनंदरावांचं डोकं आणखीच फिरलं.

जयानं नवीला एकदा डब्याच्या तोंडात घालून पाहिलं. मित्रांनो, ती आतून मोठी. डब्यात येऊन बसली की सगळी बैठक अडवून टाकायची. जयाच्या अक्षरांना टेकायलाही जागा उरेना. पडद्यावर ‘पाणी’ यायला हवं तिथे एक काना आणि एक वेलांटी, पाहुणे निघून गेल्यावर राहिलेल्या काठ्यांसारख्या उभ्या.

"सर, हिच्यात माझी अक्षरं बसत नाहीत."

आनंदराव बराच वेळ डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "दसऱ्यापासून नवीच लावू. मुहूर्त चांगला आहे. तुझ्या अक्षरांचं पाहू पुढं."

"पण मले दसऱ्यालेच पाहिजे, सर. मायले कबूल केलं आहे मी."

"मुहूर्त काय रोज येते, जया?"

त्यानंतरच्या एका दुपारी, क्लास रिकामा असताना, तिनं मला आमच्या डब्याच्या दुसऱ्या तोंडात घातलं. त्याला दोन तोंडं होती, हे सांगायचं राहिलंच. आणि मग तिनं मला काठापासून काठापर्यंत सावकाश वाचलं. एकही कोपरा सोडला नाही. घर सोडून जाणारी लेक खोल्याखोल्यांतून हिंडते, भिंतींना हात लावते, तसं. एवढ्या वर्षांत मला असं कोणी वाचलं नव्हतं. मी तेव्हाच ओळखलं, ही मला सोडणार नाही. वाचून झाल्यावर तिनं मला पाकिटात घातलं आणि या ड्रॉवरात ठेवलं, दसऱ्याच्या आधी थोडा आराम मिळावा म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी काय झालं ते ऐका. प्रयागबाईंनी डब्याची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आनंदरावांनी नारळ फोडला, देवाचं नाव घेतलं, आणि नवीला तोंडात सरकवायला गेले. ती आत जाईना. अर्ध्यावर अडली. पुन्हा ढकललं, पुन्हा अडली.

"याच्या तोंडात काय आहे गा?" आनंदराव ओरडले.

"सोनं," प्रयागबाई म्हणाल्या.

"काय?"

"आपट्याचं पान. सगळ्यांच्या हातात देतो आपण. याले हात कुठं आहेत? म्हणून तोंडात दिलं."

आनंदराव खुर्चीत बसले. मुहूर्त टळत चालला होता, आणि तिकडे मांडवात तुळसाबाई वाट बघत होती. तेव्हा, मित्रांनो, जया उठली. तिनं पान बाहेर काढलं, नवीला बाजूला ठेवलं, आणि खाली वाकून हा ड्रॉवर उघडला. मला म्हणाली, "चल बाई. तुझ्याशिवाय हे कोणाच्यानं व्हायचं नाही." मी तोंडात गेले. डबा असा ताडकन जागा झाला की त्याच्या गळ्यातली माळ तुटली. प्रिंटर सुरू झाला. ‘या’ आला, ‘पाणी’ आलं, ‘प्या’ आलं, आणि कागद थांबेचना. खिडकीतून बाहेर पडला, महालातून निघाला, सीताबर्डीच्या चौकात पोलिसानं त्याच्यासाठी रिक्षा थांबवल्या, आणि तसाच सरळ मांडवापर्यंत गेला. सावनेरच्या रस्त्यानं येणाऱ्या ट्रकांतल्या माणसांनी तो दुरून वाचला म्हणतात. नवी कोपऱ्यात बसून मुसमुसत होती. आणि जयानं मला कपाळाला लावलं.

पुढच्या वर्षी तिला भोपाळला नोकरी लागली. जाताना ती मला सोबत नेणार होती, पण माझी या टेबलावरची माया तिला ठाऊक होती. म्हणून ठेवून गेली. येईल ती. दिवाळीत माणसं घरी येतातच.

म्हणून सांगते मित्रांनो, नवं घ्या, अवश्य घ्या. पण जुन्याला उन्हात टाकू नका, त्याच्या खिडकीवर बोट ठेवू नका, आणि कधीतरी, काही काम नसलं तरी, ड्रॉवर उघडून बघत जा. ज्यानं तुम्हाला रोज सकाळी जागं केलं, ज्यानं दसऱ्याच्या दिवशी तुमची लाज राखली, त्याला...

"हे पाहा वं," स्टेपलर म्हणाला. या वेळी तो खाकरला नाही. "इंजिनाचं मी ऐकून घेतलं. पोलिसाचंही ऐकून घेतलं. पण दसऱ्याले तू इथंच होती, या ड्रॉवरात. मी वर टेबलावर होतो. पान निघालं हे खरं, जयानं केसातल्या पिनेनं काढलं. मग तिनं नवीच घातली. अक्षरं छाटून छाटून तिनं आधीच हलकी केली होती, नवीत बसतीन अशी. तुले त्या दुपारी दुसऱ्या तोंडात घातलं ते तुझ्या पोटातली अक्षरं नवीत उचलून घ्यासाठी. मुहूर्तही साधला आणि कागदही निघाला. चांगला माणसाएवढा लांब होता. तिनं मले पिशवीत टाकून मांडवात नेलं, कनातीवर तो मीच टाचला. तुळसाबाईनं त्याच्यावरून हात फिरवला, मग पोरीच्या तोंडावरून फिरवला. एक म्हातारा लांब ओंजळ करून उभा होता. त्याच्या नातीनं मोठ्यानं वाचलं, तसा तो जवळ आला आणि आपल्या हातानं माठातून गिलास भरून प्याला. मी पाहिलं. तू नव्हती वं तिथं."