दाराबाहेरची किटली

“तुला माहीत होतं?” गुलसुनने विचारलं.

सियीमिकने मान खाली घातली. सगळे गुलसुनला एजे, म्हणजे ताई, म्हणत. “हो, एजे. माझी आजी अजून विणकर रस्ताच म्हणते. सगळेच म्हणतात.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्हीच म्हणाला होतात, फक्त सरकारी नावं ठेवा.”

ती म्हणाली होती खरी, पण जिना उतरताना, सहज. बिश्केकच्या अ‍ॅम्ब्युलन्स केंद्रासाठी ती आणि तिचे पाच जण पत्ता शोधणारं सॉफ्टवेअर लिहीत होते. सकाळच्या चाचणीत केंद्रात फोन घेणाऱ्या बाईंनी ‘विणकर रस्ता’ टाइप केलं आणि पडद्यावर उमटलं, असा रस्ता नाही. नाव बदलून तीस वर्षं झाली, पण धाप लागलेला माणूस नवं नाव आठवत बसत नाही. सोमवारी पुन्हा चाचणी होती. तेव्हाही अडलं तर काम दुसऱ्यांकडे जाणार होतं.

मागच्या वर्षी गुलसुन प्रत्येक ओळ स्वतः तपासायची, तेव्हा सगळे तिच्यासाठी खोळंबून राहत. म्हणून यंदा तिने सांगून टाकलं, तुम्हीच ठरवा. तेव्हापासून ते तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवू लागले. एकदा हिरव्या बटणाकडे बघून तिला जांभई आली, तर दुसऱ्या दिवशी सगळी बटणं निळी.

“हे बघा,” ती म्हणाली, “अर्ध्या मिनिटात पत्ता सापडला पाहिजे. एवढं माझं. कसा, ते तुमचं.”

पाचही जणांनी वहीत लिहून घेतलं.

“लिहू नका रे. भांडा.”

कोणी भांडलं नाही. शेवटी सगळ्यांत धाकट्या बेर्मेतने विचारलं, “पण एजे, तुम्हाला काय वाटतं?”

गुलसुनने किटली उचलली. बेर्मेत ताडकन उठली. चहाचं काम धाकट्यांचं.

“बस खाली.” आवाज नको तितका कडक निघाला.

पाणी उकळून ती परतली तेव्हा दाराआड आवाज चढले होते. दोन्ही नावं ठेवू, असं सियीमिक म्हणत होता.

“अरे शहाण्या,” बेर्मेत म्हणाली, “एकाच जुन्या नावाचे दोन रस्ते निघाले तर? तुझी आजी येणार का सांगायला?”

सगळे हसले.

उत्तर गुलसुनला माहीत होतं. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. ती आत गेली की सगळे उठणार, दारापासून लांबची, मानाची खुर्ची तिला देणार आणि गप्प होणार. तिने हात काढून घेतला आणि ती खिडकीच्या कट्ट्याला टेकली. किटलीची वाफ हळूहळू थांबली.

आत कुणीतरी चहाचं विचारलं.

“येईल,” बेर्मेत म्हणाली. “आधी हे सांग.”