पडद्यामागची काजं

मास्तरांच्या शिंपीदुकानाचं तोंड रस्त्याकडे, पाठ स्वयंपाकघराकडे आणि मध्ये एक जाड तपकिरी पडदा. पडद्यापुढे मास्तर मापं घेत, कापड बेतत आणि शाबासकी खात. मागे त्यांची बायको आणि मुलगी काजं करत, बटणं लावत, अस्तरं टाचत. या घरात बायकांनी कात्री धरायची नाही, हा मास्तरांच्या आजोबांपासूनचा दंडक. दोरा तोडायचा तो दातांनी. आईचे पुढचे दात त्यापायी झिजले होते, पण त्याची शाबासकी कोण देणार?

मुलीला बारावीला वस्त्रकला घेऊ दिली, ती काही विद्येच्या प्रेमानं नव्हे. पाहुण्यांपुढे 'मुलगी फॅशन शिकते' म्हणायला बरं पडतं, एवढंच.

सोमवारी परीक्षकांपुढे तिला स्वतः कापून शिवलेला झगा ठेवायचा होता. कापड तिनंच रंगवलं होतं. नखांतला निळा रंग अजून गेला नव्हता. झग्याला छान घेर पडावा म्हणून कागदी नमुना तिनं कापडावर तिरपा, उरेब टाचून ठेवला होता. शनिवारी ती कॉलेजातून आली, तर मास्तरांनी टाचण्या काढून, कागद सरळ करून कापड कापून टाकलेलं.

"बाबा, हे उरेब कापायचं होतं!"

"निम्मं कापड वाया घालवत होतीस. बापानं कापून दिलंय, उपकार मान. शीव आता."

"परीक्षा माझी आहे. मीच कापायचं होतं."

"आमच्याकडे बायका कात्री धरत नाहीत. तुझं कॉलेज गेलं खड्ड्यात!"

माप द्यायला आलेले वकीलसाहेब खो खो हसले. "मास्तर, पोरीच्या हाती कात्री दिलीत तर उद्या आमचे खिसे कापेल!" मग अंगातल्या कोटाच्या कॉलरवर बोट फिरवत म्हणाले, "हे हातकाम बघा. तुमच्यासारखा हात नाही कुणाचा." मास्तरांनी मान लववून ती स्तुती घेतली. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

तेवढ्यात पडदा दांडीसकट खाली आला. आईनं तो ओढला होता. मागची खोली रस्त्याला उघडी पडली: शर्टांचा ढीग, मिणमिणता दिवा आणि आईच्या खांद्यावर वकीलसाहेबांचाच दुसरा कोट, सुई कॉलरला तशीच लटकलेली. साहेबांचं हसू जिरलं.

"अगं, गिऱ्हाईक बघतंय!" मास्तर ओरडले.

"बघू दे की. त्यांची कॉलर कोण शिवतं, ते एकदा कळू दे." आईनं पडदा कापड बेतायच्या टेबलावर टाकला. "घे गं पोरी. रंग उडालाय, पण कापड दणकट आहे. तिरपं लाव, तुला हवं तसं."

"कात्रीला हात लावलास तर या घरात थारा नाही तुला," मास्तर मुलीवर गरजले.

"मग उद्यापासून काजंही तुम्हीच करा, बाबा," मुलगी म्हणाली.

"माझीसुद्धा," आई म्हणाली.

काज करायला मास्तरांना येतच नव्हतं.

मुलीनं पडदा तिरपा पसरला, मोठी कात्री उचलली. पातं सरसर चाललं. "आणि खिसे कापणार नाही, साहेब," ती मान वर न करता म्हणाली. "त्या निळ्या तुकड्यांचे खिसे लावणार आहे."

त्या दुकानात आता पडदा नाही. वाचकहो, आपल्या सदऱ्याचं वरचं बटण जरा निरखून पाहा. त्याचा दोरा कुणीतरी दातांनी तोडलेला असेल.