अठ्ठेचाळीसची रेघ

मी हायड्रोमीटर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. दूधवाल्याला घाम फोडणारा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल, त्याच्याच भाऊबंदांपैकी मी. काचेचं पोट, पोटात शिशाचे छर्रे, वर बारीक मान आणि मानेवर रेघा. साध्या पाण्यात मी हजाराच्या रेघेपर्यंत बुडतो. पाण्यात साखर असली की तेवढा वर तरंगतो. याखेरीज मला काही येत नाही, आणि कोणाबद्दल फारसं काही वाटतही नाही.

माझा जन्म जर्मनीतला. तिथल्या एका खेड्यात बाउर नावाचे गृहस्थ घरच्यापुरती बिअर करत. सातूच्या रसात यीस्ट घालण्याआधी ते मला सोडत. मी एक हजार अठ्ठेचाळीसवर उभा राहिलो की मान डोलावत. हजार धरूनच चालायचं, म्हणून तोंडी नुसतं अठ्ठेचाळीस. पुढे त्यांचा मुलगा पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला आणि त्याच्या बॅगेतून मीही आलो.

त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सदाशिव आगाशे होते. माप येईल तेच सांगायचं, हा त्यांचा खाक्या. माल अडकलाय, थोडं इकडंतिकडं करा, असं वरचे म्हणत. सदाशिवराव ऐकत नसत, म्हणून त्यांची बढतीही अडकलेली. धाकट्या बाउर साहेबाला मात्र या माणसाचं भारी कौतुक. सुट्टीवर मायदेशी जाताना त्यानं मला आणि हॉप नावाच्या कडू सुक्या फुलांची पुडी त्यांच्या हाती दिली. परत आलो की तुझ्या हातची अठ्ठेचाळीसची बिअर पिईन, मग कायमचा जाईन आणि वडिलांची ही वस्तूही घेऊन जाईन, असं ठरलं.

अशा रीतीनं मी चिंचवडला, शालनबाईंच्या घरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. घरी बिअर करणं कायद्याला मान्य नव्हतं आणि सदाशिवरावांच्या पत्नीला, पद्मजाबाईंना, तर मुळीच नव्हतं. पण बिअरसाठी आधी सातूला मोड आणायचे आहेत म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. ते पुरुषांचं काम नव्हे, म्हणाल्या.

मोड आले ते काय वर्णावे! मटकीच्या उसळीला आणतात तसे, बोटाच्या पेराएवढे लांब. नवराबायको खूश. मोड वाढतो तो दाण्यातला गोडवा खाऊनच, हे दोघांच्या गावीही नव्हतं. मग सातू गच्चीवर वाळले, जाडसर दळले, कढत पाण्यात मुरले आणि गाळलेला रस त्या फुलांबरोबर उकळायला लागला. वास सुटल्यावर शालनबाई दारात आल्याच.

"वैनी, कशाचा वास हाय?"

"काढा आहे खोकल्याचा."

"मग आमच्या म्हाताऱ्यालाबी द्या वाटीभर, त्याचा खोकला काय हटत न्हाई."

पद्मजाबाईंनी निमूट आलं-तुळशीचा वेगळा काढा करून दिला.

रस निवल्यावर सदाशिवरावांनी मला त्यात सोडलं. मी छत्तीसवर थांबलो. त्यांनी मला पुसून पुन्हा सोडलं. मी पुन्हा छत्तीस. सातू संपले होते, साहेबाच्या परतीची तारीख जवळ आली होती. त्यांनी गुळाच्या ढेपेला हात घातला. गूळ विरघळत गेला, मी वर येत गेलो आणि बरोबर अठ्ठेचाळीसवर उभा राहिलो. मी काही खोटं बोललो नाही. साखर तेवढी होतीच. ती कुठून आली हे मला सांगता येत नाही.

पुढे यीस्ट घालून रसाची बिअर झाली. साहेब परत आला आणि कायमचा जायच्या आदल्या दिवशी जेवायला आला. वरणभातासोबत बिअर प्यायला आणि आकडा किती, विचारलं.

"अठ्ठेचाळीस," सदाशिवराव म्हणाले.

साहेबानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. आकडा तुझा आहे म्हटल्यावर मी तपासायचं कशाला, असं म्हणाला. सदाशिवरावांचा घास हातातच राहिला. मला वाटतं, त्या थापेपेक्षा शिवी परवडली असती.

"छत्तीसच होते," ते म्हणाले. "बाकीचा गूळ आहे."

साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं मोड केवढे होते ते विचारलं. पद्मजाबाईंनी बोटाचं पेर दाखवलं, तेव्हा मात्र तो पोट धरून हसला. मोड दाण्याहून लांब होऊ द्यायचे नाहीत म्हणाला. मग त्यानं पेला संपवला आणि टेबलावरून मला सदाशिवरावांकडे सरकवलं. "याचं काम अजून इथंच आहे. जमलं की कळव."

पुढच्या हिवाळ्यात पद्मजाबाईंनी मनावर दगड ठेवून मोड तोकडेच ठेवले. रस निवला. सदाशिवराव गुडघे टेकून माझ्या पातळीला आले. मी सत्तेचाळीसवर उभा होतो.

"एक खडा टाकू?" पद्मजाबाईंनी विचारलं. गुळाचा डबा त्यांच्या हातातच होता.

"नको," ते म्हणाले, आणि त्यांनी जर्मनीला सत्तेचाळीसच कळवले.

हल्ली मी स्वयंपाकघरातल्या फडताळात असतो. मुरांब्याच्या पाकात अधूनमधून डुंबतो, बिअर पुन्हा झाली नाही. तुमच्या हाती कधी पडलो तर हवं त्यात सोडा, माझी तक्रार नाही. फक्त उभ्याउभ्या वरून वाचू नका. मी खरा दिसायला हवा असेन, तर गुडघे टेकावे लागतात.